पूजेतली ट्रॉली

“सिस्टर, तोंडात पैसा धरल्यागत लागतंया,” मंगल म्हणाली.

मी तिच्या जखमी हाताखाली निर्जंतुक कापड सरकवत होते. “कसला पैसा गं?” मी हसतच विचारलं.

“लोखंडाचा. जिभंवर. आन कानात भुंगा शिरल्यागत वाजतंया.”

भूल देणारे डॉक्टर गुंजाळ कोपऱ्यात हातमोजे काढत होते. एक मोजा अर्धा निघाला होता, तो तसाच लोंबकळत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि माझं हसू जिथल्या तिथे विरलं.

“मंगल,” ते धावत जवळ आले, “ओठ बधिर वाटतायत का? माझ्याकडं बघ. काहीतरी बोल.”

ती बोलली नाही. तिचे डोळे वर फिरले, जबडा आवळला आणि अंग टेबलावर ताडताड उडायला लागलं.

खंडेनवमीचा दिवस होता तो. सकाळचे अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. बारा वर्षांपूर्वीची वेळ मला इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण पुढे ती मलाच लिहावी लागली.

आमचं हॉस्पिटल द्राक्षांच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं, पंचवीस खाटांचं. मालक डॉक्टर रणनवरे सर. हाडं जोडण्यात आणि कापाकापीत त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, पण आईपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. या आईसाहेब म्हणजे काठापदराचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि सगळ्या हॉस्पिटलवर नजर. सर ऑपरेशन थिएटरात राज्य करायचे आणि उरलेल्या इमारतीत त्या. मी हेमलता काटकर, थिएटरची सिस्टर. अकरा वर्षं दोन्ही राज्यांत चाकरी केली आणि दोन्हीकडे ‘हो’ म्हणत आले.

आईसाहेबांचा खंडेनवमीचा नियम फार कडक होता. त्या दिवशी हॉस्पिटलातली सगळी हत्यारं लॉबीत पाटांवर मांडायची. चिमटे, कात्र्या, सुऱ्या, हाडाची करवत, काही म्हणून मागे राहता कामा नये. पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी बोट लावायचं नाही. त्या एका दिवशी अडलेनडले पेशंट मिरजेला पाठवायचे.

आणि या पूजेत आणीबाणीची ट्रॉलीसुद्धा असायची. पेशंटचा श्वास किंवा हृदय थांबायला आलं की लागणारी सगळी औषधं, नळ्या, सुया त्या पाच खणांत असतात. एरवी ती थिएटरच्या दाराशी उभी असते, कारण तिथून ती दहा पावलांत टेबलाशी येते. पण ती लालभडक होती, तिला चाकं होती, आणि आईसाहेबांच्या ती मनात भरली होती. तिला मधोमध उभी करून वर कलश मांडायचा, आणि खण उघडू नयेत म्हणून भोवती लाल नाड्याचे सात वेढे देऊन गाठ मारायची, अशी त्यांची रीत. वीस वर्षं हे चाललं होतं. वीस वर्षांत नेमकी त्या दिवशी ट्रॉलीची गरज पडली नव्हती, म्हणून त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नव्हतं.

मंगल ऐवळे आली ती सकाळी साडेनवाला. वय तिशीच्या आसपास, अंगानं नुसती काडी. मजुरीनं द्राक्षांच्या छाटणीला जायची. कात्री सटकून डाव्या तळव्यात घुसली होती आणि दोन बोटं वाकेनाशी झाली होती. बरोबर तिची सासू ताराबाई होती. उजव्या हातानं सुनेचा हात वर धरलेला, आणि तोंड सुरूच.

“म्या सांगत हुते, आज कात्रीला हात लावू नगं! हत्याराचा दिस हाय. पर ऐकंल तर शपथ.”

“मग गेली कशाला?” मी विचारलं.

“मालकानं धाडलं. छाटणीची तारीख चुकत न्हाई म्हनला. त्येनं सोताचा टॅक्टर पुजला, सोताची कात्री पुजली, आन हिच्या हातात दुसरी कात्री दिली. देव बी बघा कसा, मालकाला सोडतो आन हिला धरतो.”

मंगलच्या उजव्या मुठीत ती रक्ताळलेली कात्री अजून तशीच होती. मी सोडवून घ्यायला गेले तर म्हणाली, “सांभाळून ठिवा सिस्टर, मालकाची हाय.” मी ती पुसून तिच्या चपलांबरोबर पिशवीत घातली.

नियमाप्रमाणे तिला मिरजेला पाठवायचं. पण बागेच्या मालकाचा सरांना फोन आला, आणि तो सरांचा वर्गमित्र. सरांनी मधली वाट काढली. चिमटे-कात्र्यांचा एक जादा संच पूजेला न मांडता कपाटात ठेवलेला होता. गुंजाळांनी मंगलचा हात बधिर करून ठेवायचा, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच. तेवढ्यात सर आरती उरकून येतील आणि शिवून टाकतील. “फक्त आईच्या कानावर जाऊ देऊ नका,” ते मला हळूच म्हणाले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते या मधल्या वाटांमुळेच.

गुंजाळांनी खांद्याजवळ सुई दिली. हात बधिर करणारं हे औषध मज्जातंतूंच्या आसपास राहिलं तर काम चोख करतं. पण ते रक्तात जास्त शिरलं, तर मेंदू आणि हृदय दोन्ही बधिर करायला निघतं. हजारांत एखाद्याच्या वाट्याला हे येतं. तोंडात धातूची चव आणि कानात गुंई ही त्याची पहिली वर्दी.

ती वर्दी मंगलनं बरोबर दिली होती.

गुंजाळांच्या स्वतःच्या बॅगेत झटक्यांवरचं इंजेक्शन होतं. ते त्यांनी दिलं. मी मास्क धरून ऑक्सिजन सोडला. अंग उडायचं थांबलं आणि मला क्षणभर वाटलं, सुटलो. तेवढ्यात बोटाला लावलेल्या यंत्राची टिकटिक मंदावली. शंभर, सत्तर, पन्नास.

“हृदय धरलंय औषधानं,” गुंजाळ म्हणाले. तरुण माणूस, आमच्याकडे येऊन जेमतेम तीन महिने झालेले. कपाळावरून घाम ठिबकत होता, पण हात स्थिर होते. “याला एकच उतारा आहे. लिपिड. इथं कुठलं मिळणार ते!”

“आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“लिपिड आहे. दोन बाटल्या. ट्रॉलीच्या खालच्या खणात.”

मिरजेच्या एका प्रशिक्षणात मी त्याच्याबद्दल ऐकलं होतं. शुद्ध चरबीचं औषध, दिसायला दुधासारखं पांढरं. शिरेतून भराभर दिलं की रक्तातलं ते बधिर करणारं औषध स्वतःकडे ओढून घेतं आणि हृदयाला मोकळं करतं. परत आल्यावर मी सरांच्या मागे भुणभुण लावून दोन बाटल्या मागवल्या. वर्षभर कुणाला लागल्या नाहीत. मुदत संपली, मी पुन्हा भांडून नव्या आणल्या. सर हसून म्हणाले होते, “सिस्टर, हे दूध तुम्ही पाजणार तरी कुणाला?”

“मग आणा ना!” गुंजाळ ओरडले. “कुठाय ट्रॉली?”

“लॉबीत. पूजेत.”

मी धावत सुटले.

लॉबीत पंधरा-वीस माणसं उभी होती. घंटा, टाळ, कापराचा धूर. सर सोवळं नेसून, उघड्या अंगानं तबक ओवाळत होते. मधोमध ट्रॉली. झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं, वर कलश, कलशावर नारळ आणि भोवती तो नाडा. मी माणसांतून वाट काढत थेट तिच्यापाशी गेले.

“चपला!” आईसाहेब म्हणाल्या. थिएटरातल्या सपाता माझ्या पायांत तशाच होत्या.

“आईसाहेब, ट्रॉली हवीय. आत्ता.”

“आरती चाललीय, दिसत नाही का तुला?”

“आत पेशंट चाललीय.”

“आत? आज आत कुठला पेशंट?” त्यांनी मान वळवून लेकाकडे पाहिलं. टाळ वाजायचे थांबले.

सरांचा चेहरा पडला. पण माणूस आईकडे बघत होता, माझ्याकडे नाही. “सिस्टर,” ते म्हणाले, “दोन मिनिटं थांबा. शेवटचं कडवं आहे. आरती होऊ दे, मी येतोच.”

त्यांनी सरळ ‘नाही’ म्हटलं असतं तर मला इतका संताप आला नसता. नकाराशी भांडता येतं. ‘दोन मिनिटं’ हा शब्द फार वाईट. तो चांगल्या माणसाच्या तोंडून येतो, म्हणून माणसं त्याच्यापुढे थांबतात. मी अकरा वर्षं थांबत आले होते.

“तिच्याकडं दोन मिनिटं नाहीत, सर.”

मी कलश उचलला. तो ठेवायचा कुठे हे सुचेना, म्हणून समोर जे हात दिसले त्यांत दिला. ते हात आईसाहेबांचे होते. नारळ खाली पडला आणि फरशीवरून गडगडत गेला. नाड्याची गाठ कुंकवाच्या पाण्यानं भिजून घट्ट बसली होती. मी नखं लावली, दात लावले, ती हलेना. आत गुंजाळ एकटे. यंत्राची टिकटिक इथवर ऐकू येत नव्हती, पण माझ्या डोक्यात ती मोजणी चाललीच होती.

शेजारच्या पाटावर पुजलेल्या कात्र्या होत्या. मी त्यांतली सगळ्यांत मोठी उचलली.

“हेमलता!” आईसाहेबांचा आवाज चढला. “आज हत्यार चालवायचं नाही! देवीचा कोप होईल!”

“होऊ दे. माझ्यावर होऊ दे,” मी म्हणाले आणि नाडा कापला.

सातही वेढे एका दमात तुटले. खरं सांगते, त्या क्षणी मला भीती अशी वाटलीच नाही. राग मात्र मनस्वी आला होता. त्यातला निम्मा राग कुणावर होता ते पुढे सांगते. झेंडूच्या माळांसकट ट्रॉली फिरवली आणि ढकलत निघाले. चाकाखाली पाकळ्या चिरडत होत्या.

थिएटरबाहेरच्या बाकावर ताराबाई बसली होती. फुलांनी मढलेली ट्रॉली धावत येताना बघून ती उठली. “काय झालं वो बाई? माजी मंगल...”

“दार उघडा, मावशी!”

तिनं पुढचं काही विचारलं नाही. खांदा लावून दोन्ही दारं ढकलली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

आत टिकटिक थांबली होती. गुंजाळ मंगलच्या छातीवर दाब देत होते आणि मधेच मास्कची पिशवी दाबत होते. एका माणसाला चार हात लागावेत असं काम. मला बघून नुसतं “दूध!” म्हणाले.

मी खालचा खण उघडला, बाटली फोडली, मोठ्या सिरिंजमध्ये ओढून घेतलं. बोटांना कुंकू लागलेलं. पांढऱ्या सिरिंजवर तांबडे ठसे उमटत होते. “किती?”

“वजन किती हिचं? चाळीस?”

“बेचाळीस. मी केलंय वजन.”

“साठ-पासष्ट मिली. मिनिटाभरात गेलं पाहिजे.”

मी ढकलायला लागले. ते औषध दाट, अंगठ्याला जोर लागतो. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “बाजूला व्हा गुंजाळ, तुम्ही श्वास सांभाळा.” सर होते. सोवळं नेसलेले, उघड्या अंगावर फक्त उपरणं, कपाळावर गंध. त्यांनी मंगलच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि मोठ्यानं आकडे मोजत दाबायला सुरुवात केली. आरतीत जो आवाज दबला होता तो आता खणखणीत लागला होता. कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आधीच सांगितलं आहे.

पहिली सिरिंज संपली, दुसरी भरली. गुंजाळांनी ट्रॉलीतून हृदयाचं इंजेक्शन घेतलं, तेही थोडंच. उरलेली बाटली मी सलाइनसारखी लावली. सर दमले की मी दाबायची, मी दमले की सर. किती वेळ? माझ्या मनानं तासभर. घड्याळानं चौदा मिनिटं.

मग यंत्र एकदा वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं.

“थांबा,” गुंजाळ म्हणाले आणि मंगलच्या मानेला बोटं लावली. “आहे. नाडी आहे.”

अकरा वाजून एक्कावन्न मिनिटं. सर भिंतीला टेकून खाली बसले. ताराबाई दारातच होती, तिला कुणी हाकललं नव्हतं.

अर्ध्या तासानं मंगलच्या पापण्या हलल्या. ती काहीतरी पुटपुटली. मी कान तोंडापाशी नेला.

“कात्री कुठाय? मालकाची हाय ती.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी दोन्ही केलं, आणि ते लपवलं नाही.

तिला पुढच्या उपचारांसाठी मिरजेला न्यायचं ठरलं. गुंजाळ स्वतः बरोबर निघाले. ॲम्ब्युलन्सच्या टपावरची झेंडूची माळ कुणी काढलीच नाही. चढताना ताराबाईनं माझा हात धरला. सकाळची ती धीट बाई कुठल्या कुठे गेली होती.

“आमचंच चुकलं बाई. त्या कात्रीचा कोप हाय ह्यो. म्या देवीला कोंबडं बोललेय. पर माजा ल्योक फोनवर काय म्हनतोया ठावं हाय? कोप झाल्याली बाई घरात नगं म्हनतोया. बरी झाली की तिला म्हायेरला धाडा म्हनतोया.”

“कोप नाही हो मावशी...”

“मग काय हाय?”

ड्रायव्हरनं दार लावलं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते अजून सोवळ्यातच होते. आईसाहेब पेशंटच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि मी दिलेला कलश त्यांच्या मांडीवर होता.

“मिरजेला कागद पाठवायचाय,” सर म्हणाले. “गुंजाळ तोंडी सांगतील, पण लेखी लागतंच. लिहा, अचानक झटके आले. पूर्वीपासून फेफऱ्याचा त्रास असण्याची शक्यता. तातडीचे उपचार दिले, प्रकृती स्थिर.”

“तिला फेफरं आहे असं कोण म्हणालं?”

“शक्यता म्हटलंय, सिस्टर.”

“शक्यता ताराबाईच्या घरी कुणी वाचणार नाही, सर. फेफरं तेवढं वाचतील. आधीच नवरा तिला माहेरी धाडायला निघालाय. आणि उद्या दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कुणी हेच औषध तिला तितकंच भरून दिलं, तर कुणाला कळणार?”

“तिनं नवमीला हत्यार चालवलं,” आईसाहेब म्हणाल्या. “तिचं तिला मिळालं. तुझं तुला मिळेल.”

“मग आपण तिला औषध कशाला दिलं, आईसाहेब? देवीच्या हवाली करून टाकायची होती.”

अकरा वर्षांत मी त्यांना उलट बोलले ते पहिल्यांदाच.

सरांनी आवाज खाली आणला. “सिस्टर, झालं ते जसंच्या तसं लिहिलंत, तर त्यात पहिलं नाव कुणाचं येईल, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“आणि तरी?”

“तरी लिहिणार. दुसरं काही लिहून घ्यायचं असेल तर दुसरी सिस्टर बघा.”

मी बाहेर आले. सिस्टर रूममध्ये बसून केसपेपर पुढे ओढला. आता सांगते. त्या दिवसाची गोष्ट मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी मला शाबासकी दिली. कलश उचलला, नाडा कापला, शाब्बास हेमलता. पण ट्रॉली लॉबीत गेली कशी, हे कुणी विचारत नाही.

ती मी नेली होती. दरवर्षी मीच न्यायचे. त्या सकाळी दहाला, मंगल आल्यानंतर, तिचा हात बधिर करायचं ठरल्यानंतर, मी ती थिएटरच्या दारातून बाहेर काढली. गुंजाळांनी पाहिलं आणि विचारलं, “सिस्टर, केस आहे ना? ट्रॉली कुठं नेताय?” मी त्यांना म्हणाले, “काळजी करू नका डॉक्टर, एवढ्याशा हाताला काय होतंय? आईसाहेबांची पूजा खोळंबलीय.” लिपिडसाठी सरांशी भांडणारी मी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेली मी. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला लोक हसतात. मी तर खणलेली विहीर स्वतःच्या हातानं झाकून ठेवली होती. नाड्याची गाठ मारताना आईसाहेबांना वेढा दाबून धरायला कुणाचं तरी बोट लागतं, ते बोटही माझंच होतं.

मी लिहिलं. दहा वाजता आणीबाणीची ट्रॉली थिएटरबाहेर नेली, नेणारी हेमलता काटकर. अकरा सोळाला हात बधिर करण्याचं औषध दिलं, त्या वेळी ट्रॉली थिएटरात नव्हती. अकरा अठ्ठावीसला तोंडात धातूची चव, कानात आवाज, त्यानंतर झटके. औषध रक्तात गेल्याची लक्षणं. अकरा सदतीसला हृदय थांबलं, त्याच सुमारास ट्रॉली आत आणली आणि लिपिड सुरू केलं. अकरा एक्कावन्नला नाडी परत. रुग्णास फेफऱ्याचा पूर्वेतिहास नाही. हे औषध पुन्हा देताना विशेष काळजी घ्यावी. खाली सही केली, कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेले. नोकरी गेली असं धरूनच गेले होते.

दसऱ्याला सकाळी नऊला मी हजर झाले, कारण काढून टाकल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. लॉबीत उत्तरपूजा आटोपली होती. ट्रॉली थिएटरच्या दाराशी होती. कुंकवाची बोटं अजून तिच्या अंगावर होती. सर केबिनमध्ये एकटे होते. त्यांनी मला आपट्याचं पान दिलं नाही, मीही दिलं नाही. त्यांनी फक्त केसपेपर पुढे सरकवला.

माझ्या सहीखाली गुंजाळांच्या हातच्या दोन ओळी होत्या. ते रात्रीच मिरजेहून परत आले होते. ‘ट्रॉली नसल्याचे माहीत असूनही मी औषध दिले. मात्रा रुग्णाच्या वजनाच्या मानाने जास्त होती.’ आणि त्याखाली सरांचं वळणदार अक्षर. ‘ट्रॉली परत नेताना दोन मिनिटे थांबा, असे मी सांगितले. दरवर्षी ती पूजेत ठेवण्यास परवानगी माझी.’ सही, तारीख.

“मिरजेला एक प्रत जाईल,” सर म्हणाले. खिडकीबाहेर बघत म्हणाले. “एक त्यांच्या घरच्यांना द्या. मागितली तर.”

“न मागता देणार, सर.”

ताराबाई अकराच्या सुमाराला आली. मिरजेत मंगल बोलत होती, चहा प्यायली होती, तिचा हात दोन दिवसांनी शिवणार होते. ताराबाई सुनेची चपलांची पिशवी न्यायला आली होती. मी तिला बाकावर बसवलं आणि कागद पुढे धरला.

“मला वाचाया येत न्हाई.”

“मी वाचते. ऐका.”

मी सगळा वाचला. वेळा, औषधं, तिघांच्या सह्या. जिथे शब्द अवघड होता तिथे सोपा करून सांगितला. माझं नाव आलं तेव्हा ती मध्येच म्हणाली, “थांबा. ती गाडी भायेर कुनी न्हेली?”

“मी नेली.”

“तुमी?”

“हो. मीच. चूक माझी. आज्ञा आईसाहेबांची होती, पण हात माझे होते.”

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. तेवढं तरी तिचं देणं होतं माझ्याकडे.

“न्हेली तुमी, आन आनली बी तुमीच,” ती म्हणाली. मला माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तिनं कागदावर बोट ठेवलं. “बरं, मला येक सांगा. ह्या समद्यात कात्री कुठं हाय?”

“कसली कात्री?”

“मंगलची. नवमीला चालवल्याली. तिचा कोप. ते कुठं लिवलंय?”

“कुठंच नाही, मावशी. त्या कात्रीनं हात कापला, तेवढंच. बाकीचं सगळं आम्ही केलं.”

“डागदरनी बी तसंच लिवलंय?”

“दोघांनी. सही करून.”

तिनं कागदाची चौघडी घातली आणि चोळीत खोचली. “आता बघते ल्योक काय बोलतोय. शाळंच्या मास्तरला घरात बोलावून त्येच्या तोंडावर वाचाया लावते. सून माजी हाय, कुटं जात न्हाई ती.”

मग तिनं पिशवीत हात घालून कात्री बाहेर काढली. उन्हात धरून उघडली, मिटली, पात्यावर राहिलेला एक डाग पदरानं पुसला.

“कुठं नेताय ती?” मी विचारलं.

“मालकाच्या घरी. त्येच्या देवाऱ्यात, त्येच्या पुजल्याल्या कात्रीच्या शेजारी ठिवनार हाय. म्हननार हाय, हिला पूज आता. नवमीला काम हिनं केलंय.”

आणि चपलांची पिशवी काखेत मारून ती निघाली. लॉबीत आईसाहेब बसल्या होत्या. ताराबाई ती उघडी कात्री हातात घेऊन त्यांच्या समोरून गेली, आणि आईसाहेबांनी पाय आवरून तिला वाट दिली.